शिष्यवृत्तीने पगार वाढतो, पण घरची पुंजी वाढते का? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला मिळालेल्या देणग्यांचा अनुभव

प्रश्न
निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी नाशिकरोड येथील एका लहान शैक्षणिक निधीचा विश्वस्त आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि पुढे नोकरीला लागलेल्या काही जणांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून हा निधी उभा केला. दिंडोरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील आणि शहरातील वस्त्यांमधील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी आम्ही शिष्यवृत्ती देतो. या कामाबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती अलीकडे आली, आणि का आली ते आधी सांगतो.

माझ्या वर्गात शिकलेले दोन मुलगे अंबडच्या एकाच कारखान्यात, एकाच वर्षी, जवळपास सारख्या पगारावर अभियंता म्हणून लागले. एकाच्या घरी निफाड तालुक्यात द्राक्षबाग होती. दुसरा आमच्या निधीचा विद्यार्थी. त्याचे आईवडील बांधकामावर मजुरी करत. आज बारा वर्षांनी पहिल्याचा इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट आहे, कारण सुरुवातीची रक्कम वडिलांनी भरली आणि त्याच्या पगारातून फक्त हप्ते गेले. दुसरा देवळालीगावात भाड्याने राहतो, कारण त्याच्या पगारातून आधी वडिलांच्या आजारपणाचे कर्ज फिटले, मग धाकट्या बहिणीचे शिक्षण झाले, मग गावच्या घरावर नवे पत्रे घातले गेले. त्याने उधळपट्टी कधी केली नाही. शिष्यवृत्तीमुळे दोघांचा पगार एका पातळीवर आला, पण दोघांच्या घरची पुंजी आली नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी न्यू जर्सीत नोकरी करतो आणि त्याला निधीला एकरकमी मोठी देणगी द्यायची आहे. त्याने लिहिले की २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजाच्या संस्थांकडे देणग्यांचा मोठा ओघ आला, आणि त्या चर्चेत शिष्यवृत्तीच्या पुढे जाऊन गोऱ्या व कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीतील दरी कशी बुजवायची हा प्रश्न विचारला गेला. आपणही त्या अंगाने विचार करावा.

म्हणून जाणकारांना विचारतो. देणग्यांनी ही दरी खरोखर कमी होते का? तेथील दीडशे वर्षांच्या अनुभवात कोणती मदत टिकली आणि कोणती विरून गेली? आणि आमच्यासारख्या निधीने हाती येणारी रक्कम शिष्यवृत्त्यांवर खर्च करावी, कायम ठेव म्हणून राखावी, की घर, जमीन, व्यवसाय यांसाठी काही करावे? वंश आणि जात एकच नाहीत हे मी जाणतो. तो वाद येथे नको, अनुभव हवा आहे.


उत्तर १
अर्थशास्त्राचा अध्यापक, कॉलेज रोड

सर, दोन मुलांचे जे उदाहरण आपण दिले तोच या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या मालमत्तेची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीनुसार मध्यावरच्या, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात अशा, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती, म्हणजे घर, ठेवी, समभाग सगळे धरून त्यातून कर्ज वजा केल्यावर उरणारी रक्कम, २ लाख ८५ हजार डॉलर होती. मध्यावरच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर. हा फरक सहापटींहून अधिक आहे. उत्पन्नातला फरक दुपटीच्याही आत आहे. म्हणजे पगाराची दरी पूर्ण मिटली तरी संपत्तीची दरी कित्येक वर्षे उरेल, आणि आपल्या देवळालीगावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

ही दरी सरकारी धोरणाने रुंद केली, हे समजून घेतल्याशिवाय देणगीचे माप कळत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. लाल म्हणजे कर्ज धोक्याचे. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा आला. त्यात घरासाठी, शेतीसाठी, धंद्यासाठी सरकारी हमीची कर्जे होती. १९४७ साली मिसिसिपी राज्यात अशी ३,२२९ कर्जे दिली गेली आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली अवघी दोन. निफाडच्या मुलाला पहिली रक्कम देणारे वडील होते. अमेरिकेत असे वडील गोऱ्या घरांत एका पिढीत सरकारी मदतीने तयार झाले आणि त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या सैनिकाला परत पाठवले गेले.

आता देणग्यांकडे येतो. मला सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण ज्युलियस रोझेनवाल्ड यांचे वाटते. ते सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीचे प्रमुख होते. टस्कीगी येथील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी १९१२ पासून दक्षिणेतील खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्यास मदत सुरू केली आणि १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. अट अशी होती की गावाने लोकवर्गणी जमवावी आणि सरकारी शिक्षण खात्यानेही आपला वाटा घालावा. रोझेनवाल्ड निधीने दिले सुमारे ४३ लाख डॉलर, आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पैसा, लाकूड, जमीन आणि अंगमेहनत मिळून दिले सुमारे ४७ लाख डॉलर. देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यांनीच अधिक दिले.

हे वाचताना मला रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड आठवला. घरोघरी स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढून कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे चालवली गेली, हे आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. त्या मुठीचा अभिमान मलाही आहे. परंतु अमेरिकेच्या बाबतीत एक बोचणारी गोष्ट आहे. ती कृष्णवर्णीय कुटुंबे कर भरतच होती. त्या कराचा मोठा भाग गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होत होता आणि स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा वर्गणी काढावी लागत होती. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात. लोकवर्गणीची अट घालणाऱ्या प्रत्येक विश्वस्त मंडळाने हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. तरीही शाळांचा परिणाम खरा होता: शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी पुढे केलेल्या अभ्यासात या शाळांमुळे दक्षिणेतील ग्रामीण गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणातील अंतर बरेच कमी झाल्याचे दिसले. शिक्षणाची दरी आटली, संपत्तीची राहिली.

अलीकडच्या देणग्यांत वेगळेपण आहे ते अटींच्या अभावात. अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० साली वीसहून अधिक ऐतिहासिक कृष्णवर्णीय, म्हणजे वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या, महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना देणग्या दिल्या आणि पैसा कशावर खर्चावा हे त्या त्या संस्थेवर सोपवले. टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाला ५ कोटी डॉलर मिळाले. त्यांनी त्यातील १ कोटी डॉलर महामारीच्या काळात फी थकल्यामुळे शिक्षण तुटण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले आणि उरलेल्यातील मोठा भाग कायम ठेवीत घातला. उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रतिष्ठानाने २०२४ साली चार कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांना ६० कोटी डॉलर दिले, तेही कायम ठेवीसाठी. श्रीमंत विद्यापीठे शंभर-दोनशे वर्षे ठेवींच्या व्याजावर उभी आहेत आणि कृष्णवर्णीय संस्था दरवर्षी हात पसरून वर्ष काढत आल्या आहेत. संस्थेलाही घरची पुंजी लागते.

पण एवढ्याने कुटुंबांमधील दरी बुजेल का, तर नाही. विल्यम डॅरिटी हे अर्थतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत की ही दरी बुजवायला लागणारी रक्कम लाखो कोटी डॉलरची आहे. ती देण्याची ताकद फक्त केंद्र सरकारकडे आहे आणि जबाबदारीही त्याचीच आहे. मला ते पटते. देणगीदाराने स्वतःचे काम कमी लेखू नये, पण सरकारच्या कामाच्या जागी ते मांडूही नये.


उत्तर २
पतसंस्थेचा माजी व्यवस्थापक, सिडको

अध्यापकांनी शाळांबद्दल लिहिले, मी पैशाच्या पेढीबद्दल लिहितो.

गुलामगिरी संपली त्या वर्षी, मार्च १८६५ मध्ये, अमेरिकी संसदेने मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन केली. सैनिकांनी पगार ठेवला, धुणे धुणाऱ्या बायांनी नाणी ठेवली, चर्चमंडळांनी निधी ठेवला. बँकेवर सरकारची हमी आहे असा लोकांचा समज होता. ती नव्हती. सुरुवातीला ठेवी केवळ सरकारी रोख्यांत गुंतवण्याचे बंधन होते, पण १८७० मध्ये ते सैल करून जमिनींवर कर्ज देण्यास मुभा मिळाली आणि संचालकांच्या ओळखीतील धनिकांकडे पैसा गेला. मार्च १८७४ मध्ये कृष्णवर्णीयांचे नामवंत नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले गेले, तेव्हा आतून सगळे पोखरलेले होते. जूनमध्ये बँक बंद झाली. ६१ हजारांहून अधिक ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले आणि अनेकांना त्यातील काहीच परत मिळाले नाही.

ठेवीदार संस्थेच्या दारात उभा राहून पासबुक पुढे करतो आणि आपल्याला त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नाही, ही वेळ मी सहकार क्षेत्रात जवळून पाहिली आहे. महाराष्ट्रात आजही अनेकांना वाटते की पतसंस्थेतील ठेवीला बँकेच्या ठेवीसारखे विमासंरक्षण असते. ते नसते. गरिबाने जमवलेली पहिली पुंजी बुडाली की केवळ रक्कम जात नाही. ते घर पुढची दोन-तीन दशके बँकेची पायरी चढत नाही.

आज अमेरिकेत सामुदायिक विकास वित्तसंस्था नावाचा एक वर्ग आहे. १९९४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी सरकारी निधी निर्माण झाला. मोठ्या बँका ज्यांना दारात उभे करत नाहीत त्यांना या संस्था घरासाठी आणि दुकानासाठी कर्ज देतात. त्यांना बळ देण्याची एक पद्धत मला फार मोलाची वाटते: देणगी देण्याऐवजी तेथे ठेव ठेवायची. २०२० साली नेटफ्लिक्स कंपनीने आपल्या रोकड शिलकीचे २ टक्के, सुरुवातीला १० कोटी डॉलरपर्यंत, कृष्णवर्णीय समाजात काम करणाऱ्या वित्तसंस्थांकडे वळवण्याचे जाहीर केले आणि त्यातील १ कोटी डॉलर मिसिसिपीतील होप क्रेडिट युनियन या पतसंस्थेसारख्या संस्थेत ठेव म्हणून ठेवले. ठेव दात्याचीच राहते, पण तिच्या आधारावर संस्था कर्ज देऊ शकते.

सर, आपल्या निधीने मात्र स्वतः कर्जवाटप सुरू करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. वसुली ही वेगळी विद्या आहे. ज्या मुलाला आपण पाठीवर हात ठेवून शिकवले त्याच्या दारात हप्ता मागायला जाताना नाते तुटते. शिवाय व्याजाने पैसे द्यायचे म्हटले की सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आडवा येतो, आणि सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा यालाही कायद्याची बंधने आहेत. ठेव ठेवायची असेल तर विमासंरक्षण असलेल्या बँकेतच ठेवावी.


उत्तर ३
कामगार कार्यकर्ता, श्रमिकनगर, सातपूर

जय भीम. वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. ज्याला येथे देणगी म्हटले जात आहे ते बहुतांशी देणे आहे.

१६ जानेवारी १८६५ रोजी, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेकडचे सेनापती जनरल शर्मन यांनी आदेश काढला की दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत द्यावी. सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर वसली, त्यांनी पेरणी केली. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी पूर्वीच्या मळेवाल्यांना परत केल्या. पेरलेले शेत सोडून लोक पुन्हा मजूर झाले. संपत्तीच्या दरीचा पहिला दगड तेथे आहे.

नाशिककरांना हे समजायला फार लांब जावे लागत नाही. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पुढे होते हे सर्वांना ठाऊक आहे, पण पुढे त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभे केले ते कमी आठवले जाते. मंदिरप्रवेशाने मान मिळतो, जमिनीने पाय रोवता येतात, हे त्यांना पुरते कळले होते. त्यांच्याच नावाने २००४ पासून राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना आहे. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. कागदावर ही योजना शर्मनच्या आदेशाहून बळकट आहे. अडते ते दरात. त्या वेळी ठरलेली मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख रुपये होती. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात त्या दराने जमीन विकायला कोण पुढे येईल?

अमेरिकेतही अलीकडे सरकारी पैशाने काही पावले पडली आहेत. शिकागोजवळच्या एव्हान्स्टन शहराने गांजाविक्रीवरील करातून १ कोटी डॉलर बाजूला काढण्याचे ठरवले, आणि १९१९ ते १९६९ या काळात तेथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना व त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी प्रत्येकी २५ हजार डॉलर देणे २०२१ मध्ये मंजूर केले. कनेक्टिकट राज्य १ जुलै २०२३ पासून सरकारी आरोग्य विम्याखाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावे ३,२०० डॉलर गुंतवते. ते मूल अठरा वर्षांचे झाल्यावर शिक्षण, घर किंवा व्यवसायासाठी वाढलेली रक्कम घेऊ शकते. या दुसऱ्या योजनेत वंशाचा उल्लेख नाही, पण गरिबी कोणाच्या वाट्याला अधिक आली आहे ते उघड असल्याने पैसा पोचायचा तेथे पोचतो.

सर, आपल्या निधीकडून माझी अपेक्षा अशी की त्याने सरकारच्या खिशातून लोकांचा हक्काचा पैसा बाहेर काढण्यासाठी खर्च करावा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आहेत, केंद्राच्या स्टँड अप इंडिया योजनेखाली २०२५ पर्यंत १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज मिळत होते. माझ्या वस्तीतील तरुण बँकेच्या दारातून परत येतो तो बहुतेक वेळा प्रकल्प अहवाल आणि कागद धड नसल्यामुळे. एक जाणता माणूस वर्षभर पगारावर ठेवा. चाळीस शिष्यवृत्त्यांइतके काम तो एकटा करील.


उत्तर ४
वकील, शरणपूर रोड

सर, मी महसूल आणि न्यासांची प्रकरणे पाहते. तीन गोष्टी सांगते. त्यांपैकी शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पहिली देणगी स्वीकारण्याबद्दल. न्यू जर्सीतील आपल्या विद्यार्थ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ती विदेशी देणगी ठरते, मग तो मूळचा नाशिकरोडचा असला तरीही. तशा वेळी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. पैसे येण्याआधी हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्याकडे जमेची आहे. अटलांटा येथील फिअरलेस फंड ही संस्था कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांना २० हजार डॉलरची अनुदाने देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावर दावा लावला गेला, आणि तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली. मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून जो कायदा झाला त्याच्याच आधारे, हे अनुदान इतर वंशाच्या स्त्रियांना वगळते असा युक्तिवाद झाला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्या अनुदानाला मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना कायमची बंद झाली. तेथील अनेक संस्था त्यानंतर आपल्या योजनांची भाषा बदलू लागल्या. भारतात मात्र १९६१ च्या आयकर कायद्याने एखाद्या जातीपुरत्या न्यासाला करसवलत नाकारताना अनुसूचित जाती, जमाती, मागास वर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या न्यासांना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. कोणासाठी काम करतो हे आपल्याला उघडपणे लिहिता येते. हे भाग्य अमेरिकेतील आपल्यासारख्या विश्वस्तांना आज नाही.

आता तिसरी. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांहून अधिक जमीन होती आणि पुढील शतकात तिचा फार मोठा भाग गेला. हिंसेने गेला, कर्ज नाकारल्याने गेला, आणि एका शांत मार्गानेही गेला. वकिलांवर आणि न्यायालयांवर विश्वास नसल्याने आजोबांनी मृत्युपत्र केले नाही. जमीन सर्व वारसांत अविभक्त राहिली. तिसऱ्या पिढीत पन्नास-साठ हिस्सेदार झाले, त्यांतील कोणी दूर शिकागोत, कोणी डेट्रॉइटमध्ये. मग एखादा जमीन-व्यापारी एका दूरच्या वारसाचा बारीक हिस्सा विकत घेतो, वाटपाचा दावा लावतो, आणि न्यायालय साऱ्या जमिनीचा लिलाव करते. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाही, आपत्तीनंतरची सरकारी मदतही अडते. या अन्यायाला आळा घालणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला आणि वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे एक संस्था तर देणग्यांच्या पैशातून नेमके हेच काम करते: वारस शोधणे, मालकीहक्क स्वच्छ करणे, मृत्युपत्रे करून देणे.

हे वाचले तेव्हा मला माझ्या टेबलावरचे सातबारे दिसले. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी दलित कुटुंबांकडे पूर्वीच्या महार वतनाची, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली, जमीन आहे. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नजराणा भरून परत मिळाल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना हस्तांतर करता येणार नाही या शर्तीवर. आज त्या उताऱ्यावर मेलेल्या माणसांची नावे आहेत. वारसनोंद नाही, बहिणींची नावे कोठे गळली आहेत, आणि शहर वाढत त्या बांधापर्यंत आले आहे. एक वारस कोणाला तरी सही देऊन बसतो आणि बाकीच्यांना नोटीस आल्यावर कळते. नवी संपत्ती देण्याइतका पैसा आपल्याकडे नसेल, पण असलेली गळती थांबवायला शिष्यवृत्तीपेक्षा थोडा पैसा लागतो.


उत्तर ५
औषधनिर्माण विभागातील कर्मचारी, पंचवटी

मी अशाच एका निधीची विद्यार्थिनी आहे, सर, म्हणून लिहावेसे वाटले. २०१९ साली अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयात पदवीदान समारंभात रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतींनी त्या वर्षीच्या जवळपास ४०० पदवीधरांचे शैक्षणिक कर्ज फेडण्याचे जाहीर केले. पुढे ३ कोटी ४० लाख डॉलर दिले गेले आणि त्यात पालकांनी मुलांसाठी काढलेली कर्जेही धरली. त्यातील पालकांचा समावेश माझ्या मनाला फार भिडला. माझी फी निधीने भरली, पण माझ्या खोलीभाड्यासाठी आईने दागिने गहाण ठेवले होते आणि ते सोडवण्यात माझ्या नोकरीची पहिली अडीच वर्षे गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्या कर्जासाठी रकानाच नव्हता.

प्रेअरी व्ह्यूने थकलेल्या फीसाठी वेगळी रक्कम ठेवली, तसे काही आपण करावे. तिसऱ्या वर्षी आमच्या वर्गातील दोन मुली १५-२० हजार रुपयांसाठी घरी परतल्या. त्या वेळी कोणाकडे धावावे हे आम्हाला माहीत नव्हते, आणि शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली होती.


प्रश्नकर्त्याचे निवेदन
निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मी ऋणी आहे. ही सर्व उत्तरे छापून मी रविवारच्या विश्वस्त बैठकीत वाचली.

बैठकीत मतभेद झाले. दोन ज्येष्ठ विश्वस्तांना शिष्यवृत्तीतील एक रुपयाही कमी करायचा नव्हता, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. फी भरल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. शेवटी असे ठरले. चालू शिष्यवृत्त्या आहेत तशाच राहतील. येणाऱ्या देणगीचा मोठा भाग बँकेत कायम ठेव म्हणून राहील, म्हणजे आमच्यानंतरच्या विश्वस्तांना दरवर्षी दारोदार फिरावे लागणार नाही. व्याजातून एक लहान तातडीचा निधी काढला जाईल. त्याला वर्षभरात कधीही अर्ज करता येईल आणि निर्णय आठ दिवसांत होईल. अर्जाच्या नमुन्यात घरच्या कर्जाचा रकाना आजपासून घातला आहे, आणि हे पंचवटीच्या ताईंमुळे सुचले. कर्जवाटप करायचे नाही यावर एकमत झाले. सातपूरच्या बंधूंच्या सूचनेप्रमाणे महामंडळाच्या आणि बँकांच्या कागदपत्रांसाठी एक जाणकार व्यक्ती आठवड्यातून तीन दिवस नेमणार आहोत. पूर्ण वेळेसाठी अजून हिंमत झाली नाही.

सातबाऱ्याच्या विषयावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक विश्वस्त म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या आजोबांच्या नावावरचा उतारा तसाच पडून आहे. तेव्हा दिंडोरी तालुक्यात एक शिबिर घ्यायचे ठरले आहे. देणगीदार विद्यार्थ्याचा पासपोर्ट भारतीय आहे, हे त्याच दिवशी दूरध्वनीवर विचारून घेतले.

वकीलताई, शिबिराला येणाऱ्या कुटुंबांनी सोबत काय आणावे ते कृपया कळवावे.


उत्तर
वकील, शरणपूर रोड

सर, मी स्वतः येईन आणि दोन कनिष्ठ सहकारी सोबत आणीन. प्रत्येक कुटुंबाने चालू सातबारा आणि आठ-अ उतारा, मिळतील तेवढे जुने फेरफार, मयत खातेदारांचे मृत्यूचे दाखले आणि सर्व वारसांची आधारपत्रे आणावीत. वतनाची जमीन असल्यास नजराणा भरल्याची जुनी पावती किंवा पुनर्प्रदानाचा, म्हणजे जमीन परत दिल्याचा, आदेश घरात कोठे पत्र्याच्या पेटीत असेल तर तो अवश्य शोधावा. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची, आत्यांची नावे आणि गावे घरातील सर्वांत वयस्कर बाईला विचारून आधीच कागदावर उतरवून ठेवावीत. ती माहिती तहसील कार्यालयात मिळत नाही.